आपल्या मार्केटमधून वेप हटवायचा तर

दिल्लीत, किंवा नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबादला राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही कृती लिहिते आहे. राजिंदर नगरला नाहीतर मुखर्जी नगरला खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनीही वाचावी. पश्चिम दिल्लीतल्या आमच्या वसाहतीत गेली दोन वर्षं आम्ही हे काम करतो आहोत. पहिल्यांदा चुकलो. ती चूकही सांगणार आहे, कारण उत्साहाच्या भरात ती कुणाच्याही हातून होऊ शकते.

आधी कायदा नीट समजून घ्या, नाहीतर दुकानात उभं राहून बोलताना तोंडघशी पडाल. ई-सिगारेटवर, म्हणजे वेप, पॉड, रिफिल या सगळ्यावर, १८ सप्टेंबर २०१९ पासून देशभर बंदी आहे. आधी वटहुकूम आला, मग डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद. गिऱ्हाईक सोळा वर्षांचं असो की साठ वर्षांचं, विक्री बेकायदाच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. जाणूनबुजून माल साठवू देणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं वेगळं कलम मात्र या कायद्यात नाही. हे लक्षात ठेवा, मुलांशी बोलताना उपयोगी पडेल.

सिगारेट-तंबाखूची गोष्ट वेगळी आहे. त्यांची विक्री कायदेशीर आहे, पण अटींवर. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला विकायचं नाही आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत अजिबात विकायचं नाही. याचा दंड जेमतेम २०० रुपयांपर्यंत, म्हणून कुणी तो मनावर घेत नाही. पण २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७७ दुकानदाराला वाचून दाखवा. मुलाच्या हातात तंबाखूचा पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे ऐकल्यावर गल्ल्यामागचा माणूस सरळ बसतो.

वेपचा आणि तंबाखूचा, या दोन कायद्यांची दुकानदारांच्या डोक्यात सरमिसळ झालेली असते. आमच्या मार्केटमधला एक तरुण दुकानदार मला अगदी मनापासून म्हणाला होता, ‘आंटीजी, हम अठारह से कम को वेप देते ही नहीं.’ आपण नियम पाळतो आहोत असंच त्याला वाटत होतं. त्याला खोटं ठरवून भागणार नव्हतं. कुणीतरी आधीच येऊन सांगायला हवं होतं आणि तसं कुणी आलं नव्हतं.

आता आमची चूक. शाळेच्या मागच्या भिंतीशी सफाईवाल्या ताईंना रिकामे वेप सापडायला लागले. आम्ही आठ जण तडक कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेलो. दोघांनी मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं. पानवाल्याकडे काहीच निघालं नाही. त्या भल्या माणसानं पुढे चार महिने आमच्याशी बोलणं टाकलं. वेप विकले जात होते वीस पावलं पुढच्या मोबाइल कव्हरच्या दुकानात, चार्जरच्या डब्यांमागे. आणि ही गोष्ट सगळ्यात आधी ज्याला ठाऊक असणार, त्या पानवाल्यालाच आम्ही दुखावून बसलो होतो.

म्हणून पहिलं काम पाहण्याचं. त्यासाठी सामान थोडकं लागतं: एक दोनशे पानी वही, तीस मीटरचा टेप, दोन्ही कायद्यांच्या हिंदी प्रती, पिवळ्या ऑइल पेंटचा डबा आणि आठवड्याला दोन तास देणारी पाच-सहा माणसं. दोन आठवडे कुणाला काही विचारू नका, काही विकत घेऊ नका. शाळा सुटण्याच्या वेळी आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मार्केटमधून चाला, घरी येऊन वहीत तारीख, वेळ, दुकान आणि दिसलं ते लिहा. पानाच्या खोख्यावरच नजर ठेवू नका. मोबाइलच्या सामानाचं दुकान, गिफ्ट शॉप, स्टेशनरी, कॅफेचा काउंटर, हुक्क्याचं सामान विकणारे, सगळीकडे लक्ष असू द्या. शाळेची मागची भिंत, पार्कचा कोपरा, कोचिंग क्लासचा जिना, इथे काय पडलंय तेही पाहा.

वस्तू ओळखता आली पाहिजे. आमच्याकडे सापडलेला एक वेप मी जवळून पाहिला आहे. हायलायटरएवढा, गुलाबी-निळा, हातात धरला तर खेळणंच वाटावं. एका टोकाला चपटी तोटी, दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या चार्जरची खाच. आत लिथियमची बॅटरी, तापणारी तार आणि निकोटीनच्या द्रवात भिजलेला कापूस. वास कलिंगडाचा. घरात आला तर सुगंधी खोडरबराचा म्हणून सोडून द्याल. त्यावर बारीक अक्षरात ५ टक्के लिहिलेलं होतं, म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटीन. जिथे वेप कायदेशीर आहे त्या युरोपीय संघातही मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. आणि जे नव्हतं तेही पाहा: छापील किंमत नाही, आयातदाराचं नाव-पत्ता नाही, आपल्या सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागा व्यापणारा इशाराही नाही. पुढे दुकानदारांशी बोलताना हाच मुद्दा कामी येतो. ज्या मालाला बिल नाही तो पकडला गेला की पुरवठादार नामानिराळा राहतो, अडकतो तो गल्ल्यावरचा माणूस.

पाहणी झाली की मोजणी. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, आणि ते शाळेच्या फाटकापासून नव्हे, कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंना सरळ रेषेत धरायचे. मध्ये घरं असली तर टेप चालत नाही, मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांच्या मार्गदर्शक सूचनांत या हद्दीवर पिवळी रेघ मारायला सांगितलं आहे. रेघ मुख्याध्यापकांनी मारायची, आपण डबा आणि ब्रश पुरवायचा. वेपला १०० यार्डांचा प्रश्नच नाही, तो १०१ व्या यार्डावरही बेकायदा आहे. पण रेघ मारताना सगळं मार्केट बघतं आणि विषय आपोआप निघतो.

तिसरं काम माणसं जोडण्याचं. सगळी कृती याच कामावर उभी आहे, म्हणून इथे घाई करू नका. दिल्लीला हे नवीन नाही. शीला दीक्षित यांच्या सरकारनं २००० साली ‘भागीदारी’ योजना सुरू केली तेव्हा वसाहतींच्या संघटना, बाजार संघटना आणि सरकारी खाती एका टेबलाशी बसवली होती. त्या योजनेला २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. जुन्या वसाहतींत तेव्हा बैठकांना गेलेली माणसं अजून आहेत, त्यांना शोधा. आमच्याकडे ऐंशीच्या घरातले एक शर्माजी आहेत, त्यांनी एका फोनवर मार्केट असोसिएशनच्या प्रधानांना घरी चहाला बोलावलं. ते दार आम्हाला सहा महिने उघडत नव्हतं.

आधी प्रधानजींकडे जा, थान्यात नंतर. उलटं केलंत तर सगळे दुकानदार एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला असं होऊन बसतं. त्यांच्याबरोबर शाळेच्या मुख्याध्यापकांना, जवळच्या केमिस्टला, एका डॉक्टरला आणि आरडब्ल्यूएच्या, म्हणजे रहिवासी संघटनेच्या, सचिवांना घ्या. कोपऱ्यावरचा पानवाला हवाच. मी त्याची माफी मागायला एकटी गेले होते. तो पान लावत राहिला, वर न बघता म्हणाला, ‘बैठिए.’ आज वही त्याच्याच दुकानात असते.

दुकानदारांची बैठक दुपारी तीनला ठेवा. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, संध्याकाळी बोलावलंत तर कुणी येणार नाही. पहिली दहा मिनिटं त्यांना बोलू द्या. अडचणी खऱ्या असतात. स्कूटरवरून माल आणणारा माणूस म्हणतो, ठेवून घ्या, विकला गेला की पैसे द्या. एका वेपवर जो नफा सुटतो तो दिवसभर सुटी सिगारेट आणि टॉफी विकून सुटत नाही. भाडं आहे, वीजबिल आहे, शेजारचा विकतो आणि गिऱ्हाईक तिकडे जातं. यावर सदाचाराचं भाषण देऊ नका. शेजारचाही विकणार नाही, एवढी हमी सगळ्यांनी मिळून देणं हेच त्याला हवं असतं. एकट्यानं नाही म्हणणं अवघड जातं. चाळीस दुकानांनी एकदम म्हटलं तर पुरवठादारच फिरकत नाही.

मग एका पानाचा करार, हिंदीत, सगळ्यांच्या सह्यांनी. आमच्या करारात आहे ते सांगते. वेप, पॉड, रिफिल दुकानात ठेवणार नाही, कुणासाठी पाकीट सांभाळूनही ठेवणार नाही. बिलाशिवाय माल घेणार नाही. सिगारेट मागणारा पंचविशीच्या आतला दिसला तर ओळखपत्र मागणार. गिऱ्हाईक अल्पवयीन नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियमांनीच विक्रेत्यावर टाकली आहे. आणि अठराचा की सतराचा हे चेहऱ्यावरून कुणालाच कळत नाही, म्हणून इंग्लंडमधल्या दुकानांसारखी पंचविशीची रेघ आखली की वाद मिटतो. डिजिलॉकर मोबाइलमध्ये असलं की दहा सेकंदांचं काम. सिगारेटची पाकिटं टॉफी-चिप्सच्या बरण्यांपासून दूर. १८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री हा गुन्हा आहे, ही ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी दर्शनी भागात. ती नियमानं सक्तीचीच आहे. आम्ही सगळ्या पाट्या एकदम छापून घेतल्या, पैसे आरडब्ल्यूएनं दिले.

बदल्यात वसाहतीनंही काही द्यायला हवं, नाहीतर करार एकतर्फी होतो. आमची सोसायटी दिवाळीच्या भेटी, गणपतीचं सामान, ऑफिसची स्टेशनरी सही केलेल्या दुकानांतूनच घेते. तेवढ्यानं वेपचा नफा भरून निघत नाही, हे मला माहीत आहे, आणि तसं आम्ही बैठकीत सांगितलंही. खोटी आशा दाखवली नाही म्हणून त्यांनी विश्वास ठेवला असावा, असं मला वाटतं.

तंबाखूच्या दुकानांना वेगळा परवाना असावा, तिथे टॉफी-बिस्किटं विकू नयेत, असं पत्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१७ साली सगळ्या राज्यांना पाठवलं होतं. हिमाचलनं तर २०१६ मध्येच स्वतंत्र कायदा केला. लखनौ आणि रांचीच्या महापालिकांनी परवाना पद्धत आणली. तुमच्या नगरसेवकाला याबद्दल पत्र लिहा, पण परवान्याची वाट पाहत करार थांबवू नका.

बैठकीत कुणी हळूच येऊन विचारेल की पडलेल्या मालाचं काय करू. यावर आपण सल्लागार होऊ नये. बंदी आली तेव्हा असलेल्या साठ्याची यादी करून तो जमा करण्याची तरतूद कायद्यात होती, पण ती तेव्हाच्या साठ्यासाठी. आज ज्याच्याकडे माल आहे त्यानं वकिलाला विचारूनच थान्यात जावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील मिळू शकतो. पुरवठादाराला माल परत करा, असं मात्र सांगू नका. तो पुढच्या मार्केटमध्ये जातो.

करार झाला की थान्याला पत्र. थाना प्रभारींच्या नावानं लिहायचं, प्रत पोलीस उपायुक्तांना आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला. सोबत कराराची प्रत जोडा. पत्रावर चाळीस दुकानदारांच्या सह्या दिसल्या की ते रहिवाशांचं नेहमीचं गाऱ्हाणं राहत नाही. पोच घ्या, तारीख आणि डायरी नंबर वहीत लिहा. बीट ऑफिसरचं नाव-नंबर विचारून घ्या आणि त्यांना पुढच्या बैठकीला बोलवा. दिल्ली पोलिसांची ‘आँख और कान’ नावाची योजना आहे, तीत फेरीवाले, पहारेकरी यांना पोलिसांशी जोडून घेतात. आमच्या पानवाल्यानं त्यात नाव नोंदवलं.

एनसीआरची अडचण वेगळी. रस्त्याच्या अलीकडे दिल्ली पोलीस, पलीकडे गाझियाबाद नाहीतर गुरुग्रामचे. या बाजूला दट्ट्या बसला की दुकान रस्ता ओलांडतं. कायदा केंद्राचा असल्यानं कलमं दोन्हीकडे तीच आहेत. म्हणून पलीकडच्या वसाहतीतला एक भागीदार शोधा आणि एकच पत्र, एकाच दिवशी, दोन्ही थान्यांत द्या.

करार करूनही, किंवा न करता, कुणी विकत राहिलाच तर आधी प्रधानजींनी एकदा समज द्यावी. सात दिवस थांबावं. त्यानंतर तक्रार. झडती आणि जप्ती हे उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं काम आहे. त्यांना वॉरंटशिवायही आत जाता येतं, आपल्याला कुठल्याच परिस्थितीत नाही. आपण द्यायचं ते एवढंच: दुकानाचा पत्ता, कुठल्या तारखांना किती वाजता काय दिसलं, रस्त्यावरून दिसणाऱ्या मांडणीचा फोटो. मुलांचे फोटो काढू नका. आणि मुलाला पैसे देऊन ‘जा, मागून बघ’ असं तर कधीच करू नका. विलायतेत अधिकारी देखरेखीखाली अशी चाचणी-खरेदी करतात, पण त्यांना कायद्याचं पाठबळ आहे. आपण केली तर आपणच मुलाला त्या दुकानापर्यंत नेलं असं होतं. स्वतः मोठ्यांनीही विकत घेऊ नये.

मंत्रालयानं २०२३ मध्ये याच तक्रारींसाठी व्हायोलेशन-रिपोर्टिंग डॉट इन हे पोर्टल उघडलं आहे. ऑनलाइन विक्री, चॅटवरून मिळणारी यादी, कुरियरनं येणारं पाकीट, यांच्यासाठी तेच बरं. पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, ऑर्डर देऊन खात्री करायला जाऊ नका. डोळ्यांसमोर मुलांना विक्री होताना दिसली तर सरळ ११२.

छापा पडला की काम संपलं असं समजून लोक घरी जातात. प्रकरण सैल पडायला वाव मिळतो तो इथे. न्यायालय या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच घेतं. ती दाखल झाली का, हे दोन-तीन आठवड्यांनी थान्यात जाऊन सभ्यपणे विचारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं आहे, ते झालं का तेही विचारता येतं. पकडलेल्या दुकानदाराचा फोटो वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका. त्याचीही मुलं याच शाळेत जातात.

आता मुलांचं. शाळेत दप्तरात वेप सापडला तर मुख्याध्यापकांनी पालकांसमोर साधी लेखी नोंद करावी आणि वस्तू थान्यात द्यावी. कपाटात साठवू नये, कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. लिथियमची बॅटरी चेपली की पेट घेऊ शकते, आणि आपल्या कचरागाडीवरची माणसं हातानं कचरा निवडतात. मुलाला शाळेतून नाव काढण्याची धमकी देऊ नका. भीतीनं तो लपवायला शिकतो आणि कुठून घेतला ते कधीच सांगत नाही. आमच्या एका घरातला नववीतला मुलगा आईला रात्री अकरा वाजता म्हणाला, ‘आई, सकाळी उठलो की हात थरथरतो.’ तिनं आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनला, १८००-११-२३५६ या नंबरवर, दोघांनी मिळून फोन लावला. ही सेवा फुकट आहे आणि ती २०१६ पासून दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून चालते. सोडवायला वेळ लागला, एकदा घसरलाही. आईनं त्याही वेळी फोन लावला.

शेवटचं काम दर महिन्याच्या फेरीचं. पहिल्या शनिवारी, शाळा सुटण्याच्या वेळी. एक रहिवासी, एक दुकानदार, एक शिक्षक, जमलं तर बीट ऑफिसर. पाट्या जागेवर आहेत का, पिवळी रेघ पुसली आहे का, भिंतीमागे काही पडलंय का, नवीन दुकान उघडलंय का, एवढंच बघायचं. नवा दुकानदार दिसला की त्याच दिवशी कराराची प्रत घेऊन जायचं, आणि प्रत द्यायची जुन्या दुकानदारानं. कोचिंगच्या भागात दर जून-जुलैमध्ये मुलं बदलतात, तिथे पेइंग गेस्टच्या मालकांनाही प्रत द्या. रेघ पावसाळ्यानंतर पुन्हा मारावी लागते, डब्यात थोडा रंग शिल्लक ठेवा.

वही मार्केटमध्येच राहू द्या. आमची पानवाल्याच्या मागच्या फळीवर, कात-चुन्याच्या डब्यांशेजारी असते. पानांवर तांबडे ठसे पडले आहेत. फेरी संपली की तिथेच उभं राहून लिहायचं आणि पुढच्या फेरीला कोण येणार त्यांची नावं खाली टाकायची.